अंगचोराचं भाषांतर कसं करावं

शर्कर, स्लॅकर, स्कायव्हर, मॅलिंगरर, गोल्डब्रिक. इंग्रजीतले हे पाच शब्द घेऊन शब्दकोशाकडे गेलात तर बहुतेक वेळा ‘कामचुकार’ किंवा ‘आळशी’ एवढ्यावर तुमची बोळवण होते. म्हणजे नेमक्या या जागी शब्दकोशानेच अंग चोरलंय. मराठीत शब्दांची वाण आहे असंही नाही. टंगळमंगळ, चालढकल, दिरंगाई, टाळाटाळ, वेळकाढूपणा, हात राखून काम करणं, पाट्या टाकणं, दांडी मारणं, काखा वर करणं... काम न करण्यावर आपण बरंच काम केलेलं आहे. यातला कुठला शब्द कुठे बसवायचा एवढाच प्रश्न उरतो.

मी सिनेमा-मालिकांचे सबटायटल्स मराठीत लिहिते. जपानी, रशियन, पोर्तुगीज संवाद बहुधा आधी इंग्रजीत जातात आणि तिथून माझ्याकडे येतात, त्यामुळे मूळ शब्द कुठला होता हे उकरून काढणं हा कामाचाच भाग. पडद्यावर फार तर दोन ओळी मिळतात. तळटीप देता येत नाही, वाचणारा थांबत नाही. असा शब्द समोर आला की मी काय करते ते सांगते. कथा-कादंबरीचं भाषांतर करणाऱ्यालाही हे चालेल. त्याच्याकडे जागा जास्त असते, म्हणून सबब मात्र कमी.

तो कामावर आलाय का?

पहिला प्रश्न हाच. न आलेल्याने दांडी मारली. त्याला अंगचोर म्हणता येत नाही, कारण अंगचोर नेहमी हजर असतो. चौघं मिळून कपाट उचलतात तेव्हा त्याचेही हात कपाटाला लागलेले असतात. वजन बाकी तिघांवर असतं. टंगळमंगळ करणाराही हजर असतो, पण त्याचं कामाशी वैर नसतं, फक्त हात लागत नाही. चालढकल करणारा काम उद्यावर ढकलतो. पाट्या टाकणारा काम पूर्ण करतो, आणि ते पाहून वाटतं की केलं नसतं तर बरं होतं. हात राखून काम करणाऱ्याकडे कसब असतं, ते तो मुद्दाम बाहेर काढत नाही. हे सगळे ‘कामचुकार’ या एका डब्यात कोंबले की पात्राचा स्वभावच पुसला जातो.

आता दुसऱ्या भाषांतले शब्द याच प्रश्नापुढे उभे करा. जर्मनमध्ये ‘ब्लाउमाखेन’ म्हणजे शब्दशः निळं करणं. हा माणूस आलेलाच नाही, म्हणून दांडी. ‘क्रांकफायर्न’ म्हणजे आजारपण साजरं करणं. हाही घरी आहे, पण रजेच्या अर्जावर ताप आहे. इटालियनमध्ये हजेरीचं कार्ड लावून पसार होणाऱ्या सरकारी नोकरांना ‘फुर्बेत्ती देल कार्तेल्लीनो’ म्हणतात, म्हणजे हजेरीकार्डवाले छोटे चलाख. हे कागदावर हजर आणि जागेवर गैरहजर. यांना ‘दांडीबहाद्दर’ म्हटलं तर अर्धंच येतं. मी ‘कार्डापुरते हजर’ असं लिहिते.

जपानी ‘आबुरा ओ उरु’ म्हणजे तेल विकणं. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या जपानात, तेलवाला गिऱ्हाइकाच्या भांड्यात तेल ओतायचा, ते संथ धारेने उतरायचं, आणि तेवढा वेळ त्याला गप्पा माराव्याच लागायच्या. तेव्हापासून कामावर असताना गप्पांत वेळ घालवणं म्हणजे तेल विकणं. तेलवाला खरं तर कामच करत होता, बदनाम उगाच झाला. इथे ‘टंगळमंगळ’ सुरेख बसतं. चिनी ‘मो-यू’ म्हणजे पाण्यात हात घालून मासे चाचपणं. मूळ म्हण गढूळ पाण्यात मासे पकडण्याची, म्हणजे गोंधळाचा फायदा उठवण्याची. आज ती ऑफिसात टेबलाशी बसून मोबाइल बघणाऱ्यांसाठी चालते, आणि ते लोक स्वतःच हसत स्वतःबद्दल म्हणतात. त्या हसण्याकडे लक्ष ठेवा, पुढे उपयोग होईल.

अंगचोरासाठी मात्र बाहेर फार शोधावं लागत नाही. कन्नडमध्ये ‘मैगळ्ळ’ आहे: मै म्हणजे अंग, कळ्ळ म्हणजे चोर. हुबेहूब. तेलुगू माणूस अंग लपवतो. हिंदीत ‘जी’ चोरतात. जपानीत ‘होने-ओशिमी’ म्हणजे हाडं खर्च करायची कंजुषी. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये ‘फाझेर कोर्पू मोली’, अंग मऊ करणं; नको असताना कडेवर घेतलेलं मूल जसं ढिलं पडतं तसं. या सगळ्यांना मी बिनधास्त ‘अंग चोरतो’ लिहिते आणि पुढच्या ओळीला जाते. असं सुख क्वचित मिळतं.

फसतंय कोण?

दुसरा प्रश्न. प्रत्येक चुकारपणासमोर कुणीतरी पाहणारा असतो: मुकादम, मास्तर, सुभेदार, डॉक्टर किंवा बरोबरचा कामकरी. शब्द त्या पाहणाऱ्याच्या मापाने शिवलेला असतो.

बरेच शब्द बराकीतून आलेत. फ्रेंच ‘तीर-ओ-फ्लाँ’ म्हणजे बगलेकडे सरकणारा शिपाई. रशियन ‘कोसीत’ म्हणजे गवत कापणं. बोलीत त्याचा अर्थ सक्तीची लष्करी नोकरी टाळायला रोगाचं सोंग करणं. इटालियन ‘मार्कारे व्हीझिता’ म्हणजे आजारी म्हणून नाव नोंदवणं. ‘मॅलिंगर’च्या मुळाशी अशक्त, रोगट या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे, आणि तोही सैन्याच्या संगतीत वाढला. मुळात ही परंपरा जुनी: ट्रॉयच्या युद्धाला जायला नको म्हणून ग्रीक वीर ओडिसियसने वेडाचं सोंग घेऊन नांगर धरला. त्याला न्यायला आलेल्या पालामिदीझने त्याचं तान्हं पोर नांगरापुढे ठेवलं, नांगर वळला आणि सोंग उघडं पडलं.

अमेरिकन सैनिकांचा ‘गोल्डब्रिक’ मला विशेष आवडतो. 19व्या शतकात तिकडे सोन्याचा मुलामा दिलेल्या विटा सोन्याच्या म्हणून विकणारे ठग होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा शब्द काम टाळणाऱ्या शिपायाला चिकटला. इथे ‘कामचुकार’ लिहिणं म्हणजे मुलामा खरवडून फक्त वीट देणं. आपल्याकडे ‘पितळ उघडं पडणं’ आहे. ‘याचं पितळ मी ओळखतो’ असं सार्जंटच्या तोंडी घातलं की ठगही येतो, मुलामाही येतो.

पाहणारा डॉक्टर असेल तेव्हा जपून. तिथे ‘सोंग’ हा शब्द निदानासारखा वाजतो. स्वार्थासाठी, म्हणजे रजा, भरपाई, शिक्षेतून सुटका यासाठी आजार रचणं वेगळं. आणि कुठलाही तसा लाभ नसताना रुग्ण म्हणून राहण्यासाठीच आजार रचणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरने 1951 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मुनशाउझेन सिंड्रोम असं नाव दिलं. पहिला माणूस चलाख, दुसरा आजारी. संवादात दुसरा प्रकार असेल आणि तुम्ही ‘ढोंगी’ लिहून मोकळे झालात, तर तुम्ही त्या पात्रावर अन्याय केलात.

बोलतंय कोण?

हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवते. एकच गोष्ट मालकाच्या तोंडी शिवी असते आणि मजुराच्या तोंडी डावपेच.

फ्रेडरिक टेलर हा अमेरिकन इंजिनिअर. कारखान्यातल्या मिनिटामिनिटाचा हिशेब मांडणारा. मुद्दाम संथ काम करण्याला अमेरिकेत ‘सोल्जरिंग’, इंग्लंडमध्ये ‘हँगिंग इट आउट’ आणि स्कॉटलंडमध्ये ‘का कॅनी’ म्हणतात, अशी यादी त्याने 1911 साली दिली. त्याचे दोन प्रकारही पाडले: माणसाच्या स्वभावातला सुस्तपणा आणि सगळ्यांनी ठरवून केलेला सुस्तपणा. दुसरा त्याच्या मते जास्त घातक. टेलर बोलत असेल तर ‘कामचुकारपणा’ अगदी योग्य शब्द आहे. तो मालकाच्या खुर्चीतून बघतोय.

आता ‘का कॅनी’ त्या गोदी कामगारांच्या तोंडून ऐका. 1889 साली ग्लासगोच्या गोदीत संप झाला. मालकांनी शेतमजूर आणून काम चालवलं आणि संप मोडला. कामगार परतले तेव्हा युनियनच्या सेक्रेटरीने त्यांना सांगितलं ते थोडक्यात असं: त्या शेतमजुरांच्या कामावर मालक खूश होते ना, मग आपणही तसंच काम करू. तितकंच हळू, तितकंच वेंधळं. थोड्याच दिवसांत मालक वाटाघाटीला आले. ‘का कॅनी’चा अर्थ जपून, सांभाळून चला. यात आळस कुठे आहे? मी इथे ‘दमानं घ्या’ लिहीन. ‘दमानं घ्या रे’ हे एका कामगाराने दुसऱ्याला म्हणायचं वाक्य आहे. ‘कामचुकारपणा करा’ असं कोणी कोणाला म्हणत नाही.

या शब्दाचा पुढचा प्रवासही माहीत असावा, कारण तो तीन भाषांत शिरतो. 1897 साली तुलूझला फ्रेंच कामगार संघटनांची परिषद झाली. तिथे कामगार चळवळीतला एमिल पूजे आणि त्याच्या साथीदारांनी ही स्कॉटिश युक्ती उचलली आणि तिला ‘साबोताज’ म्हटलं. साबो म्हणजे लाकडी जोडा, आणि ‘साबोते’ म्हणजे जोडे घालून खडखडत चालल्यासारखं ओबडधोबड काम करणं. कामगारांनी यंत्रात जोडे फेकले ही गोष्ट सगळे सांगतात, पण या शब्दाला तिची गरज नाही. ‘पाट्या टाकणं’च्या जवळचाच हा शब्द, फक्त हेतू पक्का असलेला. मग 1919 साली जपानमध्ये कोबेच्या कावासाकी जहाज कारखान्यात कामगारांनी काम न सोडता काम मंदावण्याचा मार्ग घेतला, तोही ‘साबोताजु’ या नावाने, आणि आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. तो शब्द जपानीत इतका रुळला की त्याचं आखूड रूप घेऊन क्रियापद झालं: ‘साबोरु’. आज जपानी शाळकरी मुलगी ‘साबोरु’ म्हणते तेव्हा तिला फक्त तास बुडवायचा असतो. तिथे ‘बुट्टी मारू’ लिहा. घातपात, विध्वंस असलं काही लिहाल तर ती बिचारी थेट तुरुंगात जाईल.

नियमावर बोट ठेवून काम करणं, म्हणजे एकही नियम न मोडता सगळं ठप्प करणं, हा याच घराण्यातला प्रकार. फ्रेंच त्याला ‘उत्साहाचा संप’ म्हणतात. इटालियन ‘पांढरा संप’ म्हणतात. जर्मन ‘नियमानुसार सेवा’ म्हणतात. रशियन आणि पोलिश माणसं त्याला ‘इटालियन संप’ म्हणतात. म्हणून रशियन पात्र ‘इटालियन संप करू’ म्हणालं तर इटलीचं नाव मराठीत आणू नका, प्रेक्षक नकाशा शोधत बसेल. ‘नियमानुसार काम करू’ एवढं पुरतं. त्या ‘करू’वर ठसका कसा यायचा ते नटाचा चेहरा बघून घेईल.

सोंग की ढोंग?

मराठीत नाटक करण्याचे दर्जे आहेत आणि ते सांभाळले पाहिजेत. सोंग ही कला आहे. सोंगाड्याला टाळ्या पडतात. बतावणीही तमाशातलीच. ढोंग म्हटलं की निकाल लागलेला असतो. ‘आव आणणं’ या दोन्हींच्या मधलं, अंगात नसलेला गुण चेहऱ्यावर आणणं. मुलाने पोटदुखीचं सोंग केलं, साहेबांनी काळजीचा आव आणला, बुवांनी ढोंग केलं. या वाक्यांतले शब्द अदलून बदलून पाहा, लगेच खटकतात.

जपानी ‘तानुकी-नेइरी’ म्हणजे तानुकीची झोप. तानुकी हा कोल्ह्यासारखा प्राणी दचकला की निपचित पडतो, लोकांना वाटलं तो नाटक करतोय. याला ‘झोपेचं सोंग’ तयार आहे, प्राण्याची गरज नाही. जपानी माणूस साळसूदपणाचा आव आणतो तेव्हा तो ‘मांजर पांघरतो’. आपण वेड पांघरून पेडगावला जातो. पांघरणं दोन्हीकडे आहे, त्यामुळे ‘मांजर पांघरून बसलाय’ असं शब्दशः लिहिलं तरी मराठी कानाला ते परकं वाटत नाही, मी लिहिते. स्पॅनिशमध्ये ऐकू येऊनही न कळल्यासारखं करणाऱ्याला ‘स्वीडिश होतो’ असं म्हणतात. त्याला थेट पेडगावला पाठवा.

अरबीची तऱ्हा निराळी. तिथे सोंगासाठी वेगळा शब्द शोधावाच लागत नाही, क्रियापदाचा एक साचा आहे ज्यात धातू घातला की ‘तसं असल्याचं भासवणं’ असा अर्थ मिळू शकतो. मरज म्हणजे रोग, त्यावरून तमारुज म्हणजे आजारी असल्याचं भासवणं. जहल म्हणजे अज्ञान, तजाहुल म्हणजे माहीत नसल्याचं दाखवणं. गफलत तर आपलीच झाली आहे; तिचं भावंड तगाफुल, म्हणजे लक्ष असून नसल्यासारखं करणं. गझल ऐकणाऱ्यांना तो शब्द प्रेयसीच्या संदर्भात ठाऊक असतो. कचेरीतल्या कारकुनालाही तो तितकाच शोभेल. या साच्यातला शब्द आला की ‘सोंग’ वापरायचा मोह आवरा. ‘कानाडोळा करतो’, ‘त्या गावचाच नाही असं दाखवतो’ असं क्रियापद शोधा. मूळ भाषेत ते क्रियापदच आहे.

शब्दामागे शिक्षा आहे का?

रशियन ‘तुनेयादेत्स’ फोडला तर ‘फुकट खाणारा’ निघतो, म्हणजे आपला ऐतखाऊ. इतका चपखल की हात शिवशिवतात. थांबा. 1961 पासून सोव्हिएत रशियात या शब्दामागे कायदा उभा होता. नोकरी नसलेल्याला हद्दपार करता येत असे. कवी जोसेफ ब्रॉडस्की यांच्यावर 1964 साली लेनिनग्राडमध्ये याच आरोपाखाली खटला चालला आणि पाच वर्षांच्या सक्तमजुरीसह हद्दपारीची शिक्षा झाली. पुढे 1987 साली त्यांना नोबेल मिळालं. न्यायाधीशाच्या तोंडी ‘ऐतखाऊ’ घातलं तर खटला विनोदी होतो. तिथे ‘परोपजीवी’ हवं, कोरडं आणि कागदी. तोच शब्द जिन्यात शेजारीण उच्चारत असेल तर खुशाल ऐतखाऊ लिहा.

त्याच जगातली पोलिश ओळ, उभं राहा की आडवं पडा, पगाराचे दोन हजार ठरलेले, मूळ भाषेत यमकात आहे. यमक नाही आलं तर ओळ मेली. ‘बसा नाहीतर लोळा, दोन हजार गोळा’ असं काहीतरी करावं लागतं. रशियनांचा विनोद, ते पगार दिल्यासारखं करतात आणि आम्ही काम केल्यासारखं, सुदैवाने यमकाशिवाय चालतो.

जुन्या ओळखीच्यांपासून सावध

संस्कृतातून भाषांतर करणाऱ्यांनी ‘व्याज’ पाहून बँकेकडे धाव घेऊ नये. तिथे व्याज म्हणजे निमित्त, बहाणा. मराठीत तो अर्थ ‘निर्व्याज’मध्ये टिकलाय, निर्व्याज प्रेम म्हणजे बिनव्याजी कर्ज नव्हे. ‘सबब’ सरकारी पत्रात ‘म्हणून’ या अर्थाने येते आणि तोंडी बोलताना खोट्या कारणाच्या. जुन्या दप्तरातली सबब वाचून कोणावर कामचुकारपणाचा आळ घेऊ नका. ‘ऐदी’ तर अकबराच्या अहदींवरून आलेला शब्द. हे स्वार कोणा सरदाराच्या हाताखाली नसत, थेट बादशहाचे असत. बादशहा हाक मारेपर्यंत काय करायचं हा प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते आपल्या भाषेने नोंदवून ठेवलं. ऐतिहासिक मालिकेत अहदीला ऐदी लिहू नका, तो तलवार घेऊन आलेला असतो.

चित्र ठेवायचं की सोडायचं

शेवटचा निर्णय. माझ्या वहीत प्रत्येक शब्दापुढे मी चार गोष्टी लिहिते: माणूस कुठे आहे, फसतंय कोण, बोलतंय कोण, आणि शब्दात चित्र कोणतं. अर्थाचा रकाना नाही, तो या चारांतून आपोआप येतो. चित्राबाबत माझा नियम रोकडा आहे. मूळ भाषेच्या माणसालाही ते चित्र दिसत नसेल तर सोडून द्या. ‘ब्लाउमाखेन’ म्हणताना जर्मन माणसाला निळा रंग आठवत नाही, मग मराठी वाचकाला कशाला दाखवायचा? पण बोलणारा गंमत करत असेल, चित्र मुद्दाम पुढे करत असेल, तर ते ठेवा. फ्रेंच माणूस निरुपयोगी कामात वेळ घालवणाऱ्याला ‘जिराफाचे केस विंचरतोय’ म्हणतो. ‘माशा मारतोय’ लिहून भागतं, आणि घाईत मी तेच लिहिते. संवादात पुढे कोणी ‘मग झाली का वेणी?’ असं विचारणार असेल, तर जिराफ आणावाच लागतो.

‘मो-यू’चं तसंच. साहेब चिडून म्हणाला तर ‘टाइमपास चाललाय’. दोन मैत्रिणी ऑफिसात एकमेकींना हळूच म्हणाल्या तर ‘मासे पकडतेय’, कारण त्यांना ते हसण्यासाठी हवं आहे आणि साहेबाला कळू नये म्हणूनही. पहिल्यांदा तो शब्द येतो तेव्हा पडद्यावर मोबाइल दिसतोय का तेवढं बघून घ्या. दिसत नसेल तर त्या खेपेला ‘काम सोडून मासे पकडतेय’ असं लांबवा, पुढच्या वेळेपासून नुसते मासे चालतात.